अलिफचा बैल आणि बारवेचा कागद

सभेचे अध्यक्ष मेहेरबान सुंदरराव पाटील, तहसिलीहून तसदी घेऊन आलेले पेशकार साहेब, ज्यांच्यासाठी आपण हातची कामं टाकून जमलो ते सरकारी मदरशाचे मुन्शी नजीरोद्दीन साहेब, उमापूरची थोरली-धाकटी मंडळी, वाडीवरून आलेले धनगर बांधव आणि खांबांआड बसलेल्या आयाबहिणींनो,

मुन्शी साहेबांची बदली बिदरला झाली. चार वर्षं ते आपल्यात होते. त्यांच्याविषयी दोन शब्द बोल, असं पाटलांनी मला फर्मावलं. आता हा आसाराम म्हणजे औतामागचा माणूस. चोपन्नाव्या वर्षापर्यंत सरकारी कागद उलटा धरलाय की सुलटा, हे मी शिक्क्यावरून ओळखत होतो. तेव्हा थोडं सांभाळून घ्या. आणि आधीच सांगून टाकतो, मी नुसता निरोप द्यायला उभा नाही. मला पाटलांकडून एक खोली मागायची आहे. कोणती, ते बहुतेकांना ठाऊक आहे. का, ते सांगतो.

निरोपाच्या दिवशी पाहुण्याचे गुण सांगायचे असतात, स्वतःचे दोष नव्हे. पण मुन्शी साहेबांचा गुण सांगायचा तर माझा दोष झाकून कसं चालेल?

आमच्या देवघरात पितळी डब्यात एक कागद होता. आजोबा सांगायचे, "ही बारवेची सनद. जिवापाड जप." आम्ही जपली. दर दसऱ्याला बाहेर काढायची, हळदकुंकू लावायचं, पाया पडायचं, परत डब्यात. कागद फारसीतला. वाचला कोणी? कोणीच नाही! पूजेच्या वस्तूला कोणी वाचतं का? त्या कागदाच्या जोरावर मी दर उन्हाळ्यात वाडीची मेंढरं बारवेवरून हाकलून देत होतो. बारव आमची, सनद आमच्या घरात, दुसरं बोलणं नाही.

तीन वर्षांमागे भर चैत्रात वाडीच्या भामाबाई आपली मेंढरं घेऊन बारवेवर आल्या. मी काठी आडवी धरली. बाई हलल्या नाहीत.

"आसारामदादा, कावून हाकलता? जित्राब तहानलंय."

"सनद हाय माझ्याकडं."

"मग दावा की. लई वर्सं नुसतं ऐकतोय आमी."

मी तरातरा घरी गेलो, डबा आणला आणि अर्धं गाव मागे घेऊन मदरशात शिरलो. मुन्शी साहेबांनी कागद उजेडाकडे धरला, एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आसारामजी, सगळ्यांसमोर वाचू, की फक्त तुम्हाला सांगू?"

मंडळी, त्या माणसाने मला वाट दिली होती. पण माझ्या डोक्यात सनद! मी ओरडलो, "मोठ्यानं वाचा, वेशीपर्यंत ऐकू जाऊ द्या!"

त्यांनी वाचलं. बारवेची देखभाल आमच्या घराण्याकडे राहील. मात्र वाटसरू, गुरं, मेंढरं, कोणालाही पाण्याची मनाई करू नये. मनाई केल्यास बारव दुसऱ्या घराण्याकडे सोपवावी.

मग भामाबाईच बोलल्या, "एवढी हळद फासली दादा, तरी कागद खरं बोलायचा थांबला न्हाई!"

हसा, आज हसा. त्या दिवशी मी हसलो नव्हतो. मेंढरं पाणी पिऊन गेली, आणि मी मदरशाच्या पायरीवर बसून राहिलो. मुन्शी साहेब पाणी घेऊन आले. मी म्हटलं, "मला वाचायला शिकवा." ते म्हणाले, "कोणती लिपी?" मी म्हटलं, "असतील तेवढ्या."

अशी आपल्या वर्गाची सुरुवात झाली. दिवेलागणीला, पाटलांच्या सरकीच्या खोलीत. पहिल्या दिवशी त्यांनी उर्दूचं पहिलं अक्षर अलिफ काढलं आणि म्हणाले, हा बैल आहे. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तर म्हणे हजारो वर्षांपूर्वी दूरच्या मुलखातले लोक या अक्षरासाठी बैलाचं तोंड काढत, शिंगांसकट. दुसरं अक्षर बे, म्हणजे घर. फिरंग्यांच्या पहिल्या अक्षरातही तोच बैल शिंगं जमिनीकडे करून उभा आहे. मला बाकी काही कळलं नाही, पण ज्या विद्येची सुरुवात बैलापासून होते, ती आपल्याला परकी कशी, एवढं कळलं!

मग बालबोध झाली, मोडी झाली. तेलंगी अक्षरं गोल का? ताडपत्रावर सरळ रेघ ओढली की पान चिरतं म्हणून. चीन देशात मुळाक्षरंच नाहीत, शब्दागणिक वेगळी खूण. एकदा त्यांनी सांगितलं, आपण भाकरीवर घेतो ते तूप कानडी, तोफ तुर्की, पगार पोर्तुगीजांचा, कागद इराणातून आलेला. आणि दप्तर? मूळ युनानी, अर्थ कमावलेलं कातडं. त्यावर लिहीत म्हणून. दारात बसलेल्या भामाबाई म्हणाल्या, "मग आमच्या वाडीवर दप्तरंच दप्तरं वाळत पडल्यात, फौजदाराला सांगू नका!" मुन्शी साहेब डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. त्यानंतर त्या दारात बसल्या नाहीत, आत येऊन बसल्या.

पेशकार साहेब, एकेका शब्दाने एवढा मुलूख पालथा घातला. कोणत्या वेशीवर कोणी त्यांना काठी आडवी घातली असती, तर आपण आज कितीशा शब्दांवर बोलत असतो?

आता खोलीची गोष्ट. पाटील परवा म्हणाले, मुन्शी चालले, वर्ग संपला, खोलीत सरकी भरायची. काय म्हणता पाटील? "निरोपाचं बोल"? मालक, तेच बोलतोय. निरोप माणसाला द्यायचा, त्याच्या कामाला नव्हे.

शिकवणार कोण, असा तुमचा सवाल आहे. मी शिकवीन. मोडी मला पक्की येते, बालबोध येते, उर्दू अडखळत येते. अडेल तिथे बिदरला कार्ड टाकीन. मुन्शी साहेबांनी उत्तराचं वचन दिलंय. येणार कोण? अकरा जण ठरलेत. त्यांत पाच वाडीचे आणि तीन बाया. सरकीसाठी माझा गोठ्याजवळचा कोठा रिकामा करून दिला आहे, कालच शेणाने सारवला. तेव्हा किल्ली द्या. नाही मिळाली तरी वर्ग भरणार, तुमच्या ओट्यावर भरणार, आणि तुमच्या सुनबाईही येणार आहेत, त्यांनी निरोप पाठवलाय.

पाटील हसले, किल्लीही पुढे केली! सभेने पाहिलं, पेशकार साहेबांनीही पाहिलं. ही किल्ली मी सर्वांदेखत घेतो.

मुन्शी साहेब, बिदरसारखं चार भाषांचं गाव आपल्याला मिळतंय. त्या गावाचं नशीब मोठं. आपण आम्हाला जे दिलंत त्याचे आभार मानायला माझ्याजवळ इतक्या मुलखांचे शब्द आहेत, तरी आज एकही पुरत नाही. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि एवढा वेळ बसून ऐकणाऱ्या सर्वांचे आभार.

बोलताना चुका झाल्या असतील, त्यांची माफी असावी. उद्यापासून शिकवताना होतील, त्यांचीही आजच मागून ठेवतो. पण चुका होतात म्हणून वर्ग बंद ठेवा असं कोणी म्हणालं, तर त्याला मात्र माझ्याकडून माफी नाही.