खाटेखालचं बिऱ्हाड

साल बासष्ट. तुम्हाला खोटं वाटेल, पण डार्मश्टाटच्या एका इस्पितळात बोट बांधून घेऊन उठणाऱ्या यशवंताला शेजारच्या बाकावरून एका गोऱ्यापान जर्मन जोडप्याचं अस्सल नगरी मराठी ऐकू आलं, आणि तो पुन्हा खाली बसला.

"एल्झे, सिस्टर म्हणती, मला आपरेशनला नेलं की तू घरी जायचं."

"बरोबर बोलती. मिशनच्या दवाखान्यात वीस वर्सं तुम्ही तेच बोलत व्हता, डॉक्टर."

"ते निराळं. तिथं एका पेशंटामागं सारं गाव यायचं. खाटेखाली चूल मांडायचं!"

"आन् तुम्ही काठी घिऊन हाकलायचा."

"पुन्हा यायचेच की."

"येणारच. आपलं माणूस आत कापायला दिल्यावर घरी कोण जाईल?"

"मला भ्या वाटतंय गं."

"अहो, किती पोटं फाडलीत तुम्ही!"

"त्यातलं एकबी माझं नव्हतं."

तेवढ्यात सिस्टर चाकाची खुर्ची घेऊन आली. डॉक्टरांना आत नेताना तिनं बाईंना बाहेरचा दरवाजा दाखवला. बाईंनी चकचकीत फरशीवर शाल अंथरली आणि मांडी घातली.

सिस्टर परतली ती कडाडतच. "नातेवाइकांनी इथं थांबायचं नाही! आणि तुम्ही हो? तुमचं बोट तर कधीच बांधून झालं."

यशवंताच्या सावळ्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तो शुद्ध जर्मनमध्ये म्हणाला, "मी पेशंटचा भाचा."

बाईंनी मान न वळवता शालीचं टोक सारखं केलं.

"मग लांब का रं, भाच्या? पायताण काढ आन् बस हितं."