बंपरवरचं लिंबू

हसणार नसाल तर सांगतो. आयुष्यभर अमेरिकेत, नोव्हायमध्ये गाड्यांची इंजिनं डिझाइन केली मी. रिटायर झाल्यावर जुनी, उघड्या टपाची कन्व्हर्टिबल घेतली आणि क्लासिक कार शोला नेली. रात्रीचा मुक्काम मैदानातच तंबूत, थंडीनं दात वाजतायत. गाडीला बघे फार, म्हणून आमच्या हिनं, सुलभानं, बंपरला लिंबू-मिरची बांधली.

शेजारच्या तंबूतला डेव्ह पोट धरून हसला. "अरे, आमच्यात भंगार गाडीलाच 'लेमन' म्हणतात!"

मी ओशाळून लिंबू काढलं.

"नजर लागेल हं," सुलभा म्हणाली.

सकाळी सगळ्या गाड्या परेडला निघाल्या. आमची हूं की चूं करेना.

"तरी सांगत होते!" सुलभा म्हणाली.

"आय टोल्ड यू!" डेव्ह म्हणाला.

आणि तिघांत इंजिन कळणारा म्हणे मी!