भिकोबाचा वस्तरा आणि दोन पक्ष

मंडळी, ऐका! टाळ खाली ठेवा, पाय मोकळे करा, पण डोळे मिटू नका. आज एकच सवाल घेऊन उभा आहे — अंगावर साठलेला डाग घासून काढावा, की जपून ठेवावा? बोला! पहिल्या रांगेतले आजोबा म्हणतात, घासावा. आजोबा, मग तुमच्या उपरण्यावर दुपारचा चहा अजून कसा काय बसलाय?

हसले सगळे. फक्त माझ्या मागं टाळ धरून उभा आहे, तो धाकटा भाऊ माझा, तो तेवढा हसला नाही. तो माझ्या विनोदाला हसत नसतो. असू द्या, त्याचं पुढं बघू.

एक गाव होतं. नाव सांगत नाही, त्या गावचे दोन जावई इथं बसलेत. त्या गावात भिकोबा राऊत नावाचे नाभिक. वय अठ्ठ्याहत्तर, आणि त्यांच्याकडं पणज्याच्या हातचा एक वस्तरा. शिंगाची मूठ, पातं सावळं. सावळं म्हणजे मळकं नव्हे हं! शंभर वर्षं रोज पुसून, तेलाचं बोट फिरवून जुन्या लोखंडावर एक काळसर झाक येते, ती. आणि मुठीपाशी, जिथं अंगठा टेकतो, तिथं चार पिढ्यांच्या अंगठ्यांनी पडलेला एक गुळगुळीत खळगा.

गावात रीत अशी, की पोर कुणाचंही असो, जावळ काढायचं ते याच वस्तऱ्यानं. पाटलाचं पोर, कोतवालाचं पोर, सगळ्यांच्या डोक्यावरून पहिल्यांदा हेच पातं फिरलेलं. आता भिकोबांना पणतू झाला. म्हातारा सांगत सुटला, एवढं पणतवाचं जावळ याच वस्तऱ्यानं काढतो, मग धोपटी खुंटीला टांगतो. धोपटी म्हणजे त्यांची हत्यारांची पिशवी. बाकी म्हाताऱ्याचं काही मागणं नव्हतं.

पण त्याच वर्षी देवळाला शंभर वर्षं झाली. मग काय होतं? समिती होते! अहो, देवळात देव एक असतो, समितीत चौदा जण. अध्यक्ष नानासाहेब आणि चिटणीस विश्वंभर गुरुजी. ठराव झाला, देवळात जुन्या वस्तूंचं दालन करायचं. लोकांनी घरातली अडगळ आनंदानं आणून दिली. एकानं तर मोडका स्टोव्ह दिला, म्हणे आजीचा होता. आजी अजून घरात होती, स्वयंपाक करत होती!

भिकोबांकडं वस्तरा मागितला. म्हाताऱ्याला नाही म्हणवेना. त्यातच लेकीच्या गावी जाऊन त्यांचा पाय मोडला, चार महिने तिकडंच मुक्काम पडला. जाण्याआधी वस्तरा दिला आणि एवढंच सांगून गेले, की कोरडा ठेवा, आठवड्याला तेलाचं बोट फिरवा, जावळाच्या दिवशी माझ्या हातात द्या. सोपं होतं की नाही? पण सोपं काम समितीकडं गेलं की त्याला दोन बाजू फुटतात.

नानासाहेब म्हणाले, हे काळं पातं पाव्हण्यांना दाखवायचं? गावाची लाज जाईल, घासून आरसा करा. गुरुजी कडाडले, खबरदार! त्यांनी कुठंसं वाचलं होतं, की जुन्या धातूवरची झाक म्हणजे त्याचा इतिहास, ती घासली की इतिहास पुसला. मंडळी, गुरुजी खरं बोलत होते. हे ध्यानात ठेवा. खोटं बोलणाऱ्याला चार जण अडवतात. खरं बोलणाऱ्याला कुणी अडवत नाही, म्हणून तो फार लांबवर चुकत जातो.

गावात दोन पक्ष झाले. चकाकी पक्ष आणि झाक पक्ष. सोयरिकी अडल्या! मुलगी दाखवायच्या आधी विचारायचे, तुम्ही वस्तऱ्याच्या कुठल्या बाजूचे?

पहिले दोन महिने दालनातल्या काचेच्या कपाटाची किल्ली गुरुजींकडं. त्यांनी फर्मान काढलं, पात्याला फडकं लावायचं नाही, तेल तर नाहीच नाही. का? तर तेल हा बाहेरचा पदार्थ, त्यानं मूळ रूप बिघडतं. बरं. पण वस्तू देवळात, मग पुजारी रोज सकाळी तीर्थ शिंपडणार. ते? ते चालेल, ती परंपरा! ओल्या फुलांचा हार? परंपरा! मग श्रावण आला. श्रावणी सोमवारी वस्तऱ्याला पंचामृताचा अभिषेक झाला हो! दूध, दही, तूप, मध, साखर! लोखंडाला दही! आणि वर सगळ्यांनी नमस्कार केला.

आठ दिवसांत पात्यावर मधोमध तांबडं उमटलं. बायका म्हणाल्या, शेंदूर प्रगटला. गुरुजींनी वहीत नोंद केली, झाक वाढते आहे. अहो गुरुजी, तो गंज! पण सांगणार कोण? ज्याला कळत होतं तो लेकीच्या घरी पाय वर करून पडला होता.

मग गुरुजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले. नानासाहेबांनी संधी साधली. कपाट उघडलं, वस्तरा उचलला आणि पुतण्याच्या गॅरेजमध्ये नेला. तिथं मोटरसायकलच्या रिमा चमकवायचं चाक होतं. लावलं पातं चाकाला! ठिणग्या उडाल्या, पातं तापून निळं पडलं, बादलीत बुडवलं, चर्रर्र आवाज झाला. अर्ध्या तासात आरसा. मुठीजवळची दोन बोटं जागा तेवढी राहिली, मूठ आड येत होती म्हणून चाक तिथवर पोचलंच नाही. नानासाहेबांनी पात्यात तोंड पाहिलं आणि केस सारखे केले. केस काळेभोर, मिशी काळीभोर. वय? विचारू नका, त्यांचा नातू शिक्षक आहे.

जावळाचा दिवस उजाडला. देवळापुढं मांडव. मामा नवी टोपी घालून बसलाय, मांडीवर बाळ. मुहूर्त दुपारी बारापर्यंत. भिकोबा काठी टेकत आले. समितीनं जावळातही सत्कार घुसवला होता. नानासाहेबांनी लाल फडकं बाजूला केलं आणि वस्तरा म्हाताऱ्याच्या हातात दिला. टाळ्या! भिकोबांनी पातं उन्हात धरलं, नखावर टेकवलं. मग म्हणाले, "नाना, खुर्चीवर बसा. पहिला मान अध्यक्षांचा."

नानासाहेब खुशीत बसले. फोटोवाला पुढं सरकला. म्हाताऱ्यानं चांगलं ओंजळभर पाणी गालावर, कल्ल्यांवर, मिशीवर मारलं. आणि काळा ओघळ निघाला हो गळ्याकडं! पांढऱ्या सदऱ्यावर नदीचा नकाशा! मग वस्तरा टेकवला. चाकावर तापून पात्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलेला, धार केसाला लागली की वाकायची. केस कापेना, उपटायची. नानासाहेब आई आई म्हणून खुर्चीतून उठले.

सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं? गुरुजी! डोळ्यावर हिरवी पट्टी, तरी हसतायत. म्हणाले, मी सांगत होतो घासू नका. भिकोबा शांतपणे म्हणाले, "गुरुजी, आता तुम्ही या. टोकाकडचं नानांचं होतं, मधलं तुमचं आहे." नाही कसं म्हणणार? सगळं गाव बघतंय. बसले. मधल्या भागात गंजानं बारीक बारीक खड्डे पाडलेले, वरून चकाकी, आतून पोखरलेलं. एकच हात फिरला, गुरुजींच्या हनुवटीवर रक्ताचा टिपका आला. आता हसायला कुणी उरलं नव्हतं.

भिकोबांनी फडक्यानं पातं पुसलं. म्हणाले, "काळं होतं ते पात्याला राखत होतं. तांबडं आलं ते खात होतं. तुमच्यातल्या एकानं दोन्हीला इतिहास म्हटलं, दुसऱ्यानं दोन्हीला मळ म्हटलं. माझ्या बापानं मला एवढाच फरक शिकवायला सहा वर्षं घेतली. तुम्ही मला एकदा विचारायला हवं होतं."

बाळाची आई, म्हाताऱ्याची नातसून, रडायला लागली. साडेदहा वाजलेले. कुणी म्हणालं, दुकानातलं ब्लेड आणा. म्हाताऱ्यानं मान हलवली. धोपटीतून निसणा काढला, म्हणजे धार लावायचा दगड, आणि तिथंच मांडवात बसले. मुठीजवळची ती दोन बोटं! तिथं तीर्थ झिरपलं नव्हतं, कारण अंगठ्याखाली पिढ्यांचं तेल मुरलं होतं. तिथं चाक पोचलं नव्हतं. तेवढ्यावर ते दगड चालवत राहिले, एक तास, सव्वा तास. मग चामड्याच्या पट्ट्यावर पंचवीस हात. मग स्वतःची बाही वर केली आणि वस्तरा आधी स्वतःच्या मनगटावर फिरवला. लव साफ निघाली, कातडीला ओरखडा नाही. तेव्हा कुठं ते बाळाकडं वळले.

मंडळी, दोन बोटांच्या धारेनं अख्खं जावळ काढलं हो! बारा वाजायला चार मिनिटं होती. बाळ मामाच्या मांडीवर झोपून गेलं होतं, त्याला पत्ताच नाही. म्हाताऱ्याच्या डोळ्याला मात्र धार लागली होती, आणि ती त्यानं पुसली नाही.

आता समितीला शहाणपण यावं ना? नाही! तिथल्या तिथं गुरुजी म्हणाले, आता काळी बाजू काचेकडं ठेवू. नानासाहेब म्हणाले, चकाकी दर्शनी हवी. भिकोबांनी वस्तरा कमरेला खोचला आणि घरी चालते झाले. धोपटी काही खुंटीला टांगली नाही. कपाट अजून आहे देवळात. रिकामं आहे. पुजारी रोज त्याच्यावर तीर्थ शिंपडतो, लोक नमस्कार करतात.

हसा, हसा. आणि आता आपल्याकडं या. सासूशी वीस वर्षं धरलेला अबोला, त्याला काय म्हणता ताई? माझा स्वभावच मानी! हे झाले गुरुजी. आणि एकादशीला गंध लावून, इस्त्रीचा सदरा घालून, वर्षभराचं खोटं एका दिवसात चकचकीत करणारे दादा? हे नानासाहेब. कष्टानं हात काळे पडले असतील तर ते घासू नका, ते तुम्हाला राखतात. पण मनात तांबडं काय आहे, ते बघा. कसं बघायचं? म्हाताऱ्यानं दाखवलं. दुसऱ्याच्या डोक्यावर टेकवण्याआधी आपल्या मनगटावर फिरवायचं.

म्हणून मीही फिरवतो. माझ्या मागचा हा टाळकरी. अकरा वर्षं आम्ही एका तालात उभे आहोत आणि एकमेकांशी बोलत नाही. कारण सांगत नाही, सांगायला गेलो तर मलाच लाज वाटेल. मी गावोगाव सांगतो, आमच्या घराण्याचा बाणा करारी. मंडळी, तो बाणा नव्हे. तो गंज आहे. दर सप्ताहात मीच त्याला दही लावत आलो.

आरती मागाहून करू. पखवाज थांबवा जरा. मी मागं वळतोय, आणि भावाला विचारतोय — जेवलास का रे? तोवर तुम्हीही शेजारी बघून घ्या. तुम्हाला कुणाला विचारायचं राहिलंय?