पाहुण्याने सांडलेले थेंब

नाय हो साहेब, फोटो नको. प्रविणने सांगितलं नाय का — बघायचं, वास घ्यायचा, घोटभर चाखायची आणि निघायचं? डहाणूच्या किनाऱ्यावर त्याच्या राहायच्या खोल्या आहेत ना, तिथले पाहुणे आणतो तो — आधी चिकूची वाडी, मग भिंतीवरची चित्रं, मग ही मोहाची भट्टी. पण दर वेळी स्वतः येतो. आज तुम्हाला एकट्यालाच धाडलं. का? ताप आला? सकाळी तर तलासरीच्या बाजारात हसत उभा होता. बरं बरं, आला असेल, ताप काय विचारून येतो.

बसा. खाट आहे ना, जमिनीवर कशाला? — बसा मग, तुमची मर्जी. ही बघा मोहाची फुलं, चैतात वेचून वाळवलेली. पाण्यात भिजवायची, पाच-सहा दिवसांनी फसफसली की या मडक्यात, खाली जाळ. वरच्या भांड्यात गार पाणी. वाफ वर जाते, गार होते, नळीतून बाटलीत टपटप. नवसागर नाय, गोळ्या नाय, काय नाय. आणि ही चूल माझी नाय हां — भावजयीची. मी नुसती दाखवते. दिवसाला किती बाटल्या निघतात? ते कशाला हवं तुम्हाला? मागचे पाहुणे विचारत होते, गोड लागते का म्हणून. तुम्ही बाटल्या विचारता!

मुंबईत कामाला कुठे? ऑफिसात. ऑफिस काय, सगळ्यांचंच असतं. आणि बुटं अंगणाबाहेरच काढलीत — एवढी रीत कुठल्या पाहुण्याला नसते. रागावू नका. शिमग्याला दारूबंदी खात्याची गाडी आली, माझ्या नवऱ्याला, लाहूला, घेऊन गेली, तेव्हापासून माझं डोकं असं झालंय. कोण आलं की आधी त्याचे हात बघते, मग तोंड. जामिनावर सुटलाय तो. वकील बोलला, परत चुलीपाशी सापडला तर मी काय करू शकणार नाय. साठीचा माणूस, खोकून खोकून वाकलाय — आत टिकायचा नाय हो. भीती वाटते मला. म्हणून तर त्याला इथे फिरकू देत नाय. दुसरी चूलच मांडली, ओहळाच्या वळणावर, करंजाखाली, तिथे कोणाच्या बापाला दिसत नाय — आतासुद्धा तिथेच जाळ — म्हणजे लाकडं! लाकडं आणायला गेलाय.

घ्या, चाखा. पहिल्या धारेची आहे, बेताने —

थांबा. हे काय केलंत?

बोट बुडवून दोन थेंब भुईवर सांडलेत. कोणी शिकवलं? प्रविणने? त्याला स्वतःला ठाऊक नाय ते. पाहुणे पेला नाकाशी नेतात, तोंड वाकडं करतात, हसतात. आधी देवाला, मेलेल्या माणसांना द्यायची आणि मग आपण — हे पाड्यातलं बोट करतं, त्याला सांगावं लागत नाय.

टोपी काढ. तो काळा चष्मापण. इकडे बघ — रखमीचा सुक्या ना तू? कपाळ बापाचंच आहे. तो मेला, रखमी तुला घेऊन मसोलीला राहायला गेली, तेव्हा एवढासा होतास. नोकरीला लागलास ते ऐकलं होतं. तुझी आई डहाणूच्या बाजारात भेटली की मी विचारायची, कुठल्या खात्यात गं? तर टोपली उचलून चालायला लागायची. म्हटलं, घाई असेल. आता कळलं कसली घाई ती.

कोणाच्या नावाने सांडलेस? बापाच्या? इथेच बसायचा तो, असाच भुईवर, खाट सोडून. मग सांग त्याच्यासमोर, काय लिहिणार आहेस कागदावर. महालक्ष्मीच्या जत्रेत तुला खांद्यावर घेऊन फिरायचा तो लाहूच. इतका वेळ बाटल्या विचारत होतास — आता हेपण लिही.

पेला ठेव. उठ. बुटं घाल. मी जे बोलले ते म्हातारीचं बडबडणं, त्यात खरं काय नाय, करंज नाय की काय नाय. जा.

ओहळाकडे काय बघतोस? रस्ता या बाजूला आहे.