आबांचे हात

लोणावळ्याच्या वखारीत यंत्राची करवत नवीनच आली होती. पेन्शनर तात्या करंदीकर कपाटाची जाड फळी उभी चिरून घ्यायला रांगेत बसले होते. लाकूड कसं धरायचं ते कारागिराला आपण दाखवायचं, हे त्यांनी घरूनच ठरवलं होतं आणि आल्या आल्या त्याला तसं सांगितलंही होतं. त्यांच्या पुढे औंढ्याचे गेणूआबा आणि पुतण्या सोपान.

"आबा, आज तरी फळीला हात लावू नगा."

"न्हाई रं."

"मागल्या येळंला बी न्हाईच म्हनला व्हता."

"सारी उमर खड्ड्यात उभं ऱ्हाऊन खालनं करवत वढली. लाकूड दिसलं की हात आपसूक वढाया लागत्यात!"

"तुमी वढलं, पातं वाकडं गेलं. फळी एका टोकाला पाटावानी, दुसऱ्या टोकाला पापडावानी."

"तुझी चुलती पाव्हण्यास्नी दावती ती."

"आता फनसाचं येवडंच लाकूड उरलंय. दाराच्या दोन सारख्या फळ्या न्हाई निघाल्या, तर नवी सून बिनदाराच्या घरात यील."

"मग माझं हात बांध. ह्ये घे मुंडासं."

"लोकं हसतील, आबा."

"हसूंदे. दार सरळ हुंदे."

यंत्र किंचाळलं, थांबलं.

"आबा, बगा! दोनी एका मापाच्या!"

"बगतुया. माझ्या हातनं येवडं चांगलं काम आजवर झालं न्हवतं. सोड आता."

"पुढचे कोण?" कारागिरानं विचारलं. "या तात्या. तुम्ही काही दाखवणार होतात ना?"

तात्या उठले, फळीकडे बघितलं आणि मागं वळले.

"आबा, ते मुंडासं घटकाभर द्याल का?"