बाहेरून कडी

हार्डवेअरच्या दुकानात बिलाच्या रांगेत माझ्या पुढे एक बाई होती आणि तिच्या पुढे एक सुतार.

“दादा, किती फोन केले तुम्हाला! खिडकीचं काम तसंच पडलंय.”

“ताई, दुसरा कुणीतरी बघा.”

“का? दाराला बाहेरून कडी तुम्हीच बसवलीत ना?”

“बसवली. मला वाटलं, खोलीत सामान ठेवणार असाल. बाबांना आत ठेवणार, हे कुठे बोललात?”

“मग काय करू? घरातून निघतात आणि परतीचा रस्ता विसरतात. परवा ट्रकखाली येता येता वाचले. नोकरी सोडून दारात बसू?”

“तुमचंही खरंच आहे. पण ते जन्मभर सुतारकाम केलेले. मला बघून कसे खुलले! शेजारी मांडी ठोकून बसले, एकेक स्क्रू हातात देत होते.”

“किती दिवसांनी हसले होते.”

“मी छोटे स्क्रू लावत होतो. तेच म्हणाले, हे नकोत, आतून जोर लावला तर उपटून येतील. लांब लाव.”

“लांबच लावलेत तुम्ही.”

“आता शिव्या घालत असतील मला.”

“शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं हो.”

“मग?”

“मी कामावरून आले की आतून दार वाजवतात. म्हणतात, ‘मिस्त्री, कडी झकास बसली. आता उघडा. मला घरी जायचंय, पोरगी वाट बघत असेल.’”