सांडलं नाही, ओतलं

—तेच तर म्हणते मी, सिस्टर, आजी नावाचा प्राणी घरात ठेवायचाच कशाला? फोन आहे ना! पोरीने शी केली, लाव फोन. पोर शिंकली, लाव फोन. आता दवाखान्याला फोन करून तुम्हाला धाडलंय, म्हणजे सासूवर चौकीदार. नाही हो, तुमच्यावर राग नाही, तुम्ही बापड्या पोटासाठी दारोदार फिरता. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो — माझा मुलगा वर्षभर सांगतोय, येत्या रविवारी ठोकतो — तो रविवार काही येत नाही. ट्रकवर असतो तो, चार-चार दिवस बाहेर. म्हणजे घरात आम्ही तिघी — मी, सून आणि ही आठ महिन्यांची महाराणी. आणि तिघींत अक्कल कोणाला? तर फ्रिजवर चिकटवलेल्या त्या कागदाला! वाचा ना, मोठ्याने वाचा, फर्मान आहे सूनबाईंचं. ‘दूध बंद करायचं नाही. मागेल तेव्हा द्यायचं. प्रत्येक जुलाबानंतर ओआरएस, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा.’ आणि खाली लाल शाईने काय लिहिलंय? ‘आई, प्लीज.’ प्लीजखाली दोन रेघा. एक नाही, दोन. म्हणजे बाईसाहेबांना आधीच ठाऊक, म्हातारी ऐकणार नाही.

परवापासून चाललंय हे. काल सात वेळा झालं — मोजता येतं मला, लॉण्ड्रीत बावीस वर्षं हॉस्पिटलच्या चादरी मोजल्यात, त्याही कसल्या अवस्थेतल्या ते तुम्हाला सांगायला नको. सुनेने दोन दिवस रजा काढली. आज साहेब म्हणाले, मग कायमच्याच घरी बसा. गेली बिचारी. बिचारी म्हणजे — तुम्ही लगेच हसू नका. लिफ्टच्या कंपनीत फोनवर असते ती. कुठे कोण लिफ्टमध्ये अडकलं, की हिला फोन लावतो, आणि ही गोड आवाजात सांगते, घाबरू नका, शांत उभे राहा, माणूस निघालाय. सगळ्या गावाला धीर देते. मला मात्र कागद.

काय? लघवी? केली की. न करून जाते कुठे? सकाळी — सहाला. ओली होती चांगली. म्हणजे ओलसर. त्यानंतर — किती वाजले आता? साडेअकरा? मग केली असेल मधे, माझं लक्ष नसेल. लंगोट? लंगोट कोरडाच आहे, मीच मघाशी बघितला. अहो, चिमटा कशाला काढताय तिच्या पोटाला? एवढ्याशा जिवाला! हळूहळू खाली बसतेय म्हणजे काय? कातडी आहे ती, बसेल तिच्या सवडीने, तिला काय ऑफिस गाठायचंय? आणि डोळे आमच्याकडे सगळ्यांचेच असे. खोल. माझे बघा. — बघा ना.

दूध दिलं ना. असं काय विचारता? चार बाटल्या भरून ठेवून जाते ती. पहाटे पाचला उठते आणि ते दूध काढायचं यंत्र लावून बसते, घर्रर्र-घर्रर्र, मी पलीकडच्या खोलीत पडल्या पडल्या ऐकते. अर्ध्या झोपेत बसलेली असते हो, मान अशी एका बाजूला कलंडलेली. मग बाटलीवर चिठ्ठी चिकटवते — आठची, दहाची, बाराची, तीनची. आगगाडीचं वेळापत्रक! आठची गेली, दहाची गेली. या बघा रिकाम्या, कशा लख्ख धुवून पालथ्या घातल्यात. — मग ओठ सुकलेले का? मला काय विचारता, ओठ तिचे आहेत. — किती मिनिटं लागली प्यायला? वा! आधी पोलिसात होतात का तुम्ही? आता मी घड्याळ लावून —

बरं. ओतलं.

ओतलं मी, बेसिनमध्ये, दोन्ही बाटल्या. झालं समाधान? सांडलं म्हणणार होते, पण तुम्ही अशा बघताय की खोटं बोलायलाही चोरी. आणि चुकलं काय माझं? पोट बिघडलंय, त्यात दूध? उद्या म्हणाल आग लागलीय, ओता रॉकेल! पोट बिघडलं की पोटाला सुट्टी द्यायची, हे शेंबडं पोरही सांगेल. माझ्या सासूबाई म्हणायच्या, रिकामं भांडं सांडत नाही. साखरेचं पाणी दिलंय मी, उकळून, दोन वाट्या, चांगलं गोडमिट्ट. प्यायली मिटक्या मारत. — नुसत्या साखरेने जुलाब वाढतात? हे बरंय! म्हणजे गोड दिलं तर आजी वाईट, कडू दिलं तर आजी वाईट.

हं, त्या डब्यात आहेत ओआरएसची पाकिटं. अख्खं पाकीट एक लिटरमध्ये? मी निम्मंच टाकलं असतं, काटकसर म्हणून. बघा, बरं झालं तुम्ही आलात. वाटी ती घ्या, चमचा धुतलेलाच आहे. द्या, मी पाजते, माझ्याकडे चांगली पिते. — ये गं ठकू. ये, ये. बघ, सरकारी पाहुण्या आल्यात तुझ्याकडे. — किती हलकी लागतेय हो आज. कालपेक्षा —

माझा मुलगा बघितलाय तुम्ही? कपाटाएवढा आहे. दारातून आडवा येतो. तोही नऊ महिन्यांचा असताना असाच झाला होता, पाण्यासारखे जुलाब. सासूबाईंनी ताबडतोब दूध बंद केलं. तीन दिवस फक्त पाण्याची बोटं. आणि वाचला की नाही? तीस वर्षं सांगतेय मी सगळ्यांना, सासूबाईंच्या उपासाने वाचला. सुनेलाही तेच सांगितलं, आत्ता सकाळी, दारात. तर ती म्हणते, ‘आई, तो उपासाने नाही, उपास असूनही वाचला.’ असूनही! चप्पल घालता घालता म्हणाली आणि गेली. माझ्या घरात, माझ्या मुलाबद्दल. मग मी आत आले आणि पहिली बाटली ओतली. हो, रागाने. आता तुम्हाला काय लपवायचं.

पण उपासानेच वाचला तो. म्हणजे — दिवसा उपास होता. दिवसा सासूबाई समोर बसून असायच्या, हलायच्या नाहीत. संध्याकाळी त्या देवळात — त्या बाहेर गेल्या, की मी न्हाणीघरात शिरायचे, आतून कडी, नळ सोडायचा मोठा, आवाज जाऊ नये म्हणून, आणि घ्यायचे त्याला पदराखाली. तिन्ही दिवस. कसा प्यायचा हो! दात नव्हते तरी सोलून काढायचा. सासूबाई चौथ्या दिवशी म्हणाल्या, बघ, माझं ऐकलंस, पोर हसलं. मी म्हटलं, हो, तुमचं ऐकलं. — बघू नका अशा. योगायोग होता तो. वाचायचं होतं त्याच्या नशिबात म्हणून वाचला, दुधाचा काय संबंध? नशीबच. नशीबच म्हणायचं मला, सिस्टर. कारण दुधाने वाचला म्हटलं, तर मग मोठीचं काय म्हणू?

मोठी. त्याच्या आधीची. सुनेला माहीत नाही, मुलालाही धड नाही, फोटोसुद्धा काढला नव्हता आम्ही, म्हटलं वर्षाची झाली की काढू. सात महिन्यांची होती. तेव्हा मी एकवीस वर्षांची, सासूबाई म्हणतील ती पूर्व दिशा. त्या म्हणाल्या दूध बंद, मी बंद केलं. छातीला पट्टा बांधला करकचून, दूध आपोआप वाहायचं हो, तिचा आवाज ऐकला की पट्टा भिजायचा. ती माझ्याकडे हात करायची आणि मी भिंतीकडे तोंड करून बसायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी रडायची थांबली. सासूबाई म्हणाल्या, बघ, उतार पडला. मलाही वाटलं उतार पडला. मी स्वयंपाकाला लागले. आनंदाने लागले हो मी. गुणगुणत होते काहीतरी.

— थांबा, गळतंय तोंडातून. गिळ गं राणी. गिळली. अजून एक. हं. — बाराची बाटली ना? आहे, आहे, ती ओतली नाही अजून, फ्रिजच्या दारात आहे. गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा, गॅसवर नको, सुनेने तेही लिहून ठेवलंय बाटलीवरच्या चिठ्ठीत. आणा. वाटीतच ओता. अगं अगं अगं — वाटी धरते बघा दोन्ही हातांनी! सावकाश बये, कोणी काढून घेत नाही. आता कोणी काढून घेत नाही.

तासाभरात लघवी झाली नाही तर उचलून दवाखान्यात, कळलं. सारखी झोपायला लागली, पिईना झाली, तर तासही थांबायचं नाही, कळलं, बहिरी नाही मी. तुम्हाला अजून तीन घरं आहेत म्हणालात ना? बसलात तर बसा. चहा नाही मिळणार, हात गुंतलेत. — अगं आई! शू केली! माझं पातळ भिजवलं सगळं, मांडी कोमट झाली! सिस्टर, घड्याळ बघा, लिहा तुमच्या त्या वहीत, मोठ्या अक्षरात लिहा! हसताय काय, बावीस वर्षं दुसऱ्यांची ओली कापडं उचलली, एकदाही एवढी —

नको, सुनेला तुम्ही नका करू फोन. मी करते. बाटल्यांचं मीच सांगते, सांडलं म्हणणार नाही. ऐकेल चार शब्द, मग बोलेल चार, तिचा हक्क आहे. मोठीचं — बघते. जमलं तर तेही.

सिस्टर — बाळ, तू मला एक सांग. तू शिकलेली आहेस. मोठीला तेव्हा मी नुसतं — नुसतं भिंतीकडून तोंड फिरवून — चोरून का होईना, एकदा जरी —

नको. सांगू नकोस. तोंड उघडू नकोस, मला दिसतंय तुझ्या तोंडावर. ऊठ. बॅग घे. तीन घरं खोळंबलीत तुझी, जा. आणि दार आपटू नकोस, डोळे मिटतायत हिचे — जा म्हटलं ना.